हाक मारायचं नाव

धनेश हिरामण मढवीला राग लवकर येतो हे सगळ्या बोनकोड्याला ठाऊक आहे, आणि आलेला राग लवकर जात नाही हे त्याच्या महापेच्या ऑफिसला. पण त्या वर्षी त्याचा राग कुठल्या माणसावर नव्हता, तो नावांवर होता. एका डबीला नाव ठेवायचं होतं, आणि त्या एका कामात अकरा महिने गेले. बायको स्नेहल म्हणायची, पोरीचं नाव आपण अर्ध्या तासात ठेवलं, ते पण हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये. यावर धनेश लॅपटॉप जरा जास्त जोरात मिटायचा.

डबी म्हणजे मुठीएवढी गोल वस्तू, भिंतीला लावायची. तिला बटण नाही, काच नाही. नावाने हाक मारली की निळा दिवा लागतो, डबी म्हणते, "बोला," आणि मग सांगायचं: मुलाला फोन लाव, किती वाजले सांग, गोळीची आठवण कर. ज्यांचे डोळे गेले किंवा ज्यांना अक्षरं कधी भेटलीच नाहीत, अशा म्हाताऱ्या माणसांसाठी ती होती. कंपनी ती सात भाषांत विकणार होती. धनेशने मात्र ती एकाच बाईसाठी मनात आणली होती, ती म्हणजे त्याची आई, पुतळा.

पुतळाबाई त्र्याहत्तर वर्षांची. काचबिंदूने दोन्ही डोळे जवळपास नेलेले. भातशेती नव्या शहरात गेली, त्या बदल्यात जे आलं त्यातून बोनकोड्यात तीन मजली घर उभं राहिलं. वरच्या खोल्यांत भाडेकरू, खाली ती एकटी. नवरा हिरामण शेत गेल्यावर पावणे गावातल्या एका कारखान्यात वॉचमन झाला आणि सहा वर्षांपूर्वी वारला. धनेशने उलव्याला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा आईला नेण्याचा खूप प्रयत्न केला. ती चार दिवस राहिली आणि म्हणाली, "मना हितं खाली जमीन लागत नाय." खाली बघायला तिला डोळे कुठे होते, हे विचारायची सोय नव्हती. धनेश तिला परत सोडून आला आणि गाडीत उलव्यापर्यंत स्वतःशीच भांडला.

मग एकदा दुपारी तिची साखर उतरली. मोबाईल चाचपडत तिने कुठली तरी बटणं दाबली आणि फोन लागला साताऱ्याच्या एका गृहस्थांना. माणूस चांगला, तो अर्धा तास तिच्याशी बोलत राहिला आणि साखर खा म्हणाला, म्हणून निभावलं. ते ऐकून धनेशने डोक्याला हात लावला. पाच-सहा किलोमीटरवर आपण बसलोय, सॉफ्टवेअर लिहितोय, आणि आईला वाचवायला साताऱ्याचा माणूस लागतो, हे त्याला जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांपुढे, म्हणजे नंदकिशोर यांच्यापुढे, डबीची कल्पना मांडली. ती मंजूर झाली. वर्षात डबी तयार झाली, सातही भाषा बोलायला लागली. घोडं अडलं ते नावापाशी.

कारण नाव एकच हवं, असा नंदकिशोर साहेबांचा हुकूम. सात भाषा, पण हाक एक. डबीला लांबून, पंख्याच्या आवाजात, कवळीतून आलेली हाकसुद्धा कळली पाहिजे. त्यासाठी सात भाषांची सात माणसं दर बुधवारी एका खोलीत बसायची, आणि धनेश एक तक्ता उघडायचा.

'सोबत' हे पहिलं नाव धनेशचं. बंगालीवाला म्हणाला, आमची माणसं त्याचं भलतंच काहीतरी करतील, मशीनला कळणार नाही. 'झरा' सुचलं तर तमिळ आजीला झ कुठून म्हणता येणार. 'दिवा' फार तोकडं, टीव्हीवर कोणी दिवा म्हटलं की डबी जागी होऊन "बोला" म्हणेल. 'सखी' कुणीतरी आधीच नोंदवून ठेवलेलं. 'शेजार' मराठीबाहेर कुणाला कळेना. 'चिमणी' साहेबांना पोरकट वाटलं. एक गुजराती नाव सगळ्यांना आवडलं, पण कन्नडवाली म्हणाली माझी सासू हे चार अक्षरी नाव दोन अक्षरांत उरकेल. एका बुधवारी सगळे नुसता चहा पिऊन उठले. तक्त्यात दोनशे चौदा नावं झाली आणि प्रत्येकापुढे कुठे ना कुठे लाल खूण. धनेश घरी येऊन भाजी कापताना भोपळ्याकडे बघून म्हणायचा, हे पण नाही चालणार, मल्याळममध्ये प्रॉब्लेम आहे.

या बैठकांत तमिळची बाजू राजलक्ष्मी बघायची. वाशीत जन्मलेली, मराठी धनेशपेक्षा शुद्ध. पहिल्याच बुधवारी ती म्हणाली होती, "एक नियम आधीच लिहून ठेवू या. माणसाचं नाव नको. वस्तूचं, फुलाचं, काहीही चालेल. माझी आजी सासरच्या कुठल्याच पुरुषाचं नाव तोंडातून काढत नाही. डबीचं नाव तिच्या दिराचं निघालं तर ती डबीशी बोलणार नाही."

धनेश हसला होता. "मॅडम, तो जमाना गेला. माझी बायको मला अरे धनेश, कचरा टाकून ये म्हणते."

"तुमच्या बायकोसाठी बनवतोय का आपण?" राजलक्ष्मी म्हणाली. पण तोवर कुणीतरी दुसरा विषय काढला, आणि तो नियम तक्त्यात लिहायचा राहून गेला.

अकराव्या महिन्यात नंदकिशोर साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं: येत्या बुधवारी नाव द्या, नाहीतर मी देतो. साहेबांनी दिलेलं नाव कसं असेल या धास्तीने धनेश आदल्या दिवशी मशीनपुढे बसून सुचेल ते नाव तपासत होता. संध्याकाळी पार कंटाळून, नुसता हात चालवायचा म्हणून, त्याने बापाचं नाव टाकलं. हिरामण.

मशीनने सात भाषांतल्या नमुन्याच्या आवाजांत ते ऐकलं आणि शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा ओळखलं. धनेश खुर्चीत ताठ झाला. पुन्हा तपासलं, तरी सत्त्याण्णव. कुणी नोंदवलेलं नाही. बुधवारी बंगालीवाला तर खूशच झाला, म्हणाला आमच्या आजीच्या गोष्टीत हिरामन नावाचा बोलका पोपट असतो. हिंदीवाल्याने मान डोलावली. तमिळच्या खुर्चीत पाच महिन्यांपासून दुसरंच कुणी होतं, राजलक्ष्मी बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. साहेब म्हणाले, "फायनल." अकरा महिन्यांत हा शब्द धनेशने पहिल्यांदा ऐकला.

खरं सांगायचं तर तो त्या दिवशी गाडीत रडला. ज्या माणसाचं नाव सातबाऱ्यावरून गेलं, ज्याला कारखान्याच्या गेटवर सगळे 'ओ वॉचमन' म्हणत, त्याचं नाव आता सात भाषांतली म्हातारी माणसं दिवसातून दहा वेळा घेणार होती. आईला हे कसं सांगायचं याची त्याने वाटेत तयारीसुद्धा केली.

रविवारी त्याने डबी बोनकोड्याच्या घरात, पलंगाशेजारच्या भिंतीवर बसवली. आईला तिचा गोल आकार हाताने दाखवला.

"आये, हिला हाक मारायची. नाव काय ठेवलंय माहित्ये? बापूसचं. हिरामण!"

निळा दिवा लागला. डबी म्हणाली, "बोला."

पुतळाबाई दचकली. तिने पदर डोक्यावर ओढला आणि आवाजाच्या दिशेने बघत राहिली. मग म्हणाली, "बरा हाय. ऱ्हाऊदे तथं."

"तू मार ना हाक."

"मारीन सावकाश. तू जेवून घे, कालवण थंड होतंय."

त्याला वाटलं लाजत असेल, होईल सवय. पुढच्या रविवारी त्याने ऑफिसच्या मशीनवरून आठवड्याचा अहवाल काढून नेला. चाचणीच्या डब्या अशा बारा घरांत लावल्या होत्या. प्रत्येकीचे दोन आकडे यायचे, बसवणाऱ्याच्या हाका वगळून. ओळखलेल्या हाका: शून्य. न ओळखलेले आवाज: बेचाळीस. हे आवाज डबी चाचणीपुरते साठवून ठेवायची. दुसरा आकडा टीव्हीचा आणि कुकरच्या शिट्ट्यांचा असतो, तो कुणी बघत नसे, धनेशनेही बघितला नाही. त्याची नजर खिळली ती शून्यावर.

"आये, एकदा पण नाय मारली हाक?"

"इसरली मी."

तिसऱ्या रविवारी तेच, शून्य. आता त्याच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने खुर्ची ओढली, आईसमोर बसला आणि लहान पोराला शिकवावं तसा सुरू झाला. "माझ्यामागे म्हण. हि. रा. मण." डबी मध्येच "बोला" म्हणाली. तो डबीवर ओरडला, "तू गप!" पुतळाबाई तोंडाला पदर लावून बसली होती.

"अगं एक शब्द बोलायचाय! एक! दोन वर्षं मी मरतोय हिच्यामागे. अकरा महिने नुसत्या नावाला गेले. सात भाषांतली माणसं बोलतात, तुला काय झालं बोलायला? परत पडलीस, काय झालं तुला तर कोन येनार, तो साताऱ्यावाला?"

त्याचा आवाज वर भाडेकरूंपर्यंत गेला. पुतळाबाई एवढंच म्हणाली, "तू वरडू नको. तुजी पन साखर वारंल." तो न जेवता निघून गेला.

त्यानंतरच्या सोमवारी राजलक्ष्मी रजेवरून परत आली. तिने जागेवर बसून डबीचं छापील खोकं हातात घेतलं, नाव वाचलं आणि धनेशकडे आली.

"हे तुमच्या वडिलांचं नाव ना?"

"हो. शंभरात सत्त्याण्णव," धनेश म्हणाला. त्याला अजून त्या आकड्याचा अभिमान होता.

"आणि आई हाक मारतात?"

धनेशला सगळं एकदम आठवलं. आठवायला काही कष्टच पडले नाहीत, आणि त्याचाच त्याला जास्त संताप आला. रेशनच्या ऑफिसात खिडकीपाशी कारकून विचारायचा, नवऱ्याचं नाव? मग आई त्याच्या खांद्याला बोटाने ढोसायची आणि सहा वर्षांचा धनेश टाचा उंच करून ओरडायचा, हिरामण नारायण मढवी! शाळेत, दवाखान्यात, बँकेत ते नाव नेहमी त्यानेच घेतलं होतं. आई हिरव्या मिरचीला सुद्धा 'कच्ची मिरची' म्हणायची आणि हिरव्या साडीला 'पानाच्या रंगाची', नवऱ्याच्या नावाच्या जवळपासही जीभ जाऊ नये म्हणून. ते नाव घ्यायची तिला एकच जागा होती, हळदीकुंकवातला उखाणा. नवरा गेल्यावर तीही गेली, कारण विधवेला उखाणा कोण घ्यायला लावतं? हे सगळं ज्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यानेच त्या बाईच्या भिंतीवर हे नाव ठोकलं होतं.

तो तसाच उठला आणि नंदकिशोर साहेबांच्या केबिनमध्ये गेला. नाव बदलायला हवं म्हणाला. साहेबांना वाटलं तो थट्टा करतोय. मग वाटलं वेड लागलंय. दहा हजार खोकी छापून झाली होती. "एक युजर हाक मारत नाही म्हणून नाव बदलायचं? बाकीच्या अकरा घरांत लोक मारतायत ना?"

"सर, त्यांच्यात कुनाच्या नवऱ्याचं नाव हिरामण नाहीये."

"एक्झॅक्टली! किती असतील असे? दुसऱ्या व्हर्जनमध्ये बघू."

राजलक्ष्मी त्याला जिन्यात भेटली. म्हणाली, "त्यांचं सोडा. आईच्या एका डबीला वेगळं नाव शिकवता येईल तुम्हाला. त्यांच्याच आवाजातले शंभरेक नमुने लागतील." धनेश म्हणाला, बघतो. पण शंभर वेळा एक शब्द आईकडून कोण बोलवून घेणार, आणि कुठला शब्द? आदल्या दिवशी आपण काय काय ओरडलो ते आठवून त्याला तिच्यासमोर जायची लाज वाटत होती. रविवारी जाऊन बघू असं त्याने ठरवलं.

रविवार यायच्या आधी गुरुवार आला. सकाळी अकराच्या सुमाराला पुतळाबाई मोरीतून येताना ओल्या फरशीवरून घसरली आणि पलंगापाशी पडली. भाडेकरू सगळे कामाला गेलेले. शेजारी टॉवरचं काम चालू, त्या मशीनच्या धडधडीत माणसाची हाक रस्त्यापर्यंत जाणं शक्य नव्हतं. दोन वाजता वरची भाडेकरू मीना शाळेतून लेकीला घेऊन आली आणि दार उघडं दिसलं म्हणून डोकावली. तीन तास म्हातारी फरशीवर पडून होती. तिच्या डोक्यावर, भिंतीवर, डबी लावलेली होती, चालू, वीज असलेली.

डाव्या मनगटाचं हाड मोडलं होतं आणि खुब्याला जबर मार होता. डॉक्टर म्हणाले थोडक्यात वाचल्या. आई झोपल्यावर स्नेहलला हॉस्पिटलात बसवून धनेश बोनकोड्याला कपडे आणायला गेला. कपडे राहिले बाजूला. तो पलंगावर बसला, लॅपटॉप उघडला आणि त्या आठवड्याचा अहवाल काढला. नंदकिशोर साहेबांच्या टेबलावर तो आपटायचा होता. हे बघा तुमचं शून्य, एक बाई तीन तास पडून होती आणि हे शून्य. ओळखलेल्या हाका: शून्य. न ओळखलेले आवाज, पहिल्या दिवसापासून धरून: एकशे त्रेसष्ट.

टीव्ही तर मागच्या दिवाळीपासून बंद होता. धनेशने पहिला आवाज उघडला.

"अवो."

आईचा आवाज होता, अगदी हळू. थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा: "अवो, आयकलाव का?"

धनेशने दुसरा उघडला. "अवो, किती वाजलं?" तिसरा. "अवो, गोल्या संपल्यान. पोराला सांगा." चाळीस वर्षं ती नवऱ्याला अशीच हाक मारत आली होती, भाताच्या बांधावरून, स्वयंपाकघरातून, कारखान्याच्या गेटबाहेर डबा घेऊन उभी राहून. पोराने सांगितलं ही तुझ्या नवऱ्याच्या नावाची, हिला हाक मार. तिने मारली होती. रोज मारली होती. पोरासमोर मारली नव्हती, इतकंच.

तिसऱ्या रविवारचा आवाज जरा लांब होता. "अवो, धनू वरडून गेला आज. जेवला पन नाय. तुमी मनाव घेव नका. दमतंय तो."

धनेशला पुढचं ऐकायचं नव्हतं, पण त्याने ऐकलं. गुरुवारचे एकोणतीस आवाज होते. "अवो, परलंय मी. धनूला सांगा." मग तेच परत, आणि परत. मध्ये वीस मिनिटं काही नाही. शेवटच्या शेवटच्या आवाजांत धनूचं नावही नव्हतं, नुसतं "अवो". त्याने लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून मोठ्याने रडला. त्या दिवशी राग काढायला समोर कुणीच नव्हतं.

अहवाल त्याने साहेबांच्या टेबलावर ठेवला, आपटला नाही. साहेब म्हणाले, व्हेरी सॅड, दुसऱ्या व्हर्जनमध्ये नक्की. खोकी त्याच नावाने दुकानांत गेली. पण आईच्या डबीला नाव द्यायला आता बुधवारची बैठक लागणार नव्हती. शंभर नमुने हवे होते, त्याच्याकडे एकशे त्रेसष्ट होते. चार दिवस बसून त्याने डबीला ते शिकवलं.

पुतळाबाई प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून घरी आली. धनेशने तिला पलंगावर बसवलं आणि म्हणाला, "आये, आता तुला पायजे तशी हाक मार. तू मारतेस तशी."

तिने तोंड दुसरीकडे फिरवलं. तिला कळलं की याला कळलंय. कानापर्यंत लाजली ती.

"तू भायेर जा आदी," ती म्हणाली.

धनेश बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिला. शेजारच्या टॉवरचं मशीन त्या दिवशी बंद होतं. मग आतून अगदी हळू आलं, "अवो." आणि लगेच डबीचा आवाज, "बोला."

आत सगळं शांत झालं. इतका वेळ, की त्याला वाटलं डबी बंद पडली. मग आई म्हणाली, "काय नाय. पोराला इचारा, चाय घेनार का?"

त्याच्या खिशातला फोन वाजला.